आमची वाटचाल : जमिनीवरून उठणारी माणसं

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगरमध्ये असे कितीतरी फ्लॅट आहेत जिथे दोनच म्हातारी माणसं राहतात, कधी एकच. मुलं परदेशात नाहीतर बंगळुरूला. आमचा धंदा या घरांवर उभा आहे. अंगावर आणि घरात छोटे सेन्सर बसवायचे, त्यांच्या आकड्यांवरून माणूस चालतोय, झोपलाय, पडलाय की नेहमीपेक्षा वेगळं वागतोय हे ओळखायचं आणि घरच्यांना कळवायचं. कॅमेरा नाही. मुलांना तो हवा असतो, आईवडिलांना नको असतो. या अटीपायी आम्ही गिऱ्हाइकं सोडली आहेत.

आम्ही मूळचे भोसरीतले. मशीनच्या कंपनांवरून बेअरिंग कधी जाणार ते सांगायचं, हे आमचं पहिलं काम. तोच अॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचालीतले धक्के आणि वेगातले बदल मोजणारा सेन्सर, माणसाला लावला तर, असा विचार आला आणि तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून पहिला पट्टा आम्ही घरीच जोडला. पण मशीन बोल्टने जागेवर बसवलेलं असतं. माणूस पट्टा काढून देव्हाऱ्यापाशी ठेवतो, आंघोळीला जातो आणि नेमका तिथे घसरतो. म्हणून पट्ट्याच्या जोडीला बाथरूमच्या दाराबाहेर पीआयआर सेन्सर आला. समोरून माणूस गेला की अंगाच्या उष्णतेच्या किरणांत होणारा बदल तो टिपतो. फ्रिजच्या दारावर चुंबकाचा साधा स्विच.

पडण्याची खूण पुस्तकात सोपी असते. माणूस स्थिर असताना सेन्सर १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका आकडा दाखवतो, पडताना आकडा क्षणभर शून्याकडे उतरतो, आपटताच उसळतो आणि मग हालचाल थांबते. प्रत्यक्षात म्हातारी माणसं पुष्कळदा भिंत धरत सावकाश खाली घसरतात, तेव्हा आकडा शून्याकडे जातच नाही. उलट दिवाणावर धपकन बसलेले काका पडल्यासारखे दिसतात.

या विषयात बहुतेकांचा हात हालचालींच्या ज्या खुल्या नोंदींवर बसतो, त्या २०१३ साली इटली आणि स्पेनच्या संशोधकांनी मांडल्या. ३० स्वयंसेवक, वय १९ ते ४८, कमरेला फोन, सेकंदाला ५० वाचनं, २.५६ सेकंदांचे तुकडे. क्रिया सहा : चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. काम उत्तम आहे, पण त्यात मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही, साष्टांग नमस्कार नाही आणि सत्तरीचं कोणीच नाही. आमची सगळी गिऱ्हाइकं मात्र त्याच वयाची.

म्हणून नोंदी आपल्याच जमवायच्या ठरवल्या. ज्येष्ठ नागरिक संघांत गेलो. जिन्याच्या नोंदींसाठी धडधाकट मंडळींना पर्वतीवर नेलं, पण तिथल्या पायऱ्या रुंद, एकेका पायरीवर दोन-दोन पावलं पडतात. घरच्या जिन्याशी त्या चालीचा ताळा बसेना, म्हणून सोसायट्यांचे जिने धरले. मनगटावरचा पट्टा पोळ्या लाटण्याला चालणं समजत होता. कमरेला लावावा तर साडीत कुठे? शेवटी एका आजींनीच तो कनवटीला खोचून दाखवला.

त्याच आजींनी विचारलं, "अहो, हे माझ्या सुनेला काय काय सांगणार?" तेव्हापासून कोणती माहिती कोणाला जाईल हे पट्टा घालणारी व्यक्ती ठरवते, पैसे भरणारी नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, तोवर संमतीचा कागद आमच्याकडे तयार होता.

खरा लाभ या नोंदींतून अनपेक्षित जागी मिळाला. एकदा बसलेला माणूस खुर्चीत आहे की जमिनीवर, हे कमरेच्या सेन्सरला फारसं कळत नाही. फरक दिसतो तो उठताना. जमिनीवरून उठणारा आधी पुढे झुकतो, हात टेकतो, एक गुडघा उभा करतो, मध्ये थांबतो आणि मग सरळ होतो. आलेखात हे टप्पे वेगवेगळे दिसतात. महिन्यागणिक ते लांबत गेले तर पाय कमजोर होत असल्याची शंका घ्यायला जागा असते. रात्री बाथरूमच्या फेऱ्या एकदम वाढल्या, दुपार झाली तरी फ्रिज उघडला नाही, याही अशाच खुणा. निदान आम्ही करत नाही, डॉक्टरांना दाखवा एवढंच सांगतो. आज गिऱ्हाइकं या मासिक तक्त्यासाठी टिकतात, पडल्याच्या घंटीसाठी फार कमी.

अचूकतेचे मोठमोठे आकडे सांगणारे विक्रेते बाजारात भेटतात. त्यांना एकच विचारावं : संगणकाला हालचाली ओळखायला शिकवण्यासाठी आणि नंतर त्याला तपासण्यासाठी वेगवेगळी माणसं घेतली होती का? एकाच माणसाच्या नोंदींचे तुकडे दोन्हीकडे गेले तर आकडा फुगतोच. आम्ही दर वेळी एक माणूस पूर्ण बाजूला ठेवून त्याच्यावर तपासतो. आकडा उतरतो, पण नव्या घरात तोंडघशी पडायची वेळ येत नाही.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की वायफायही जातं, म्हणून आता सेन्सरचे आकडे पाठवणाऱ्या पेटीत सिमकार्ड आणि बॅटरी असते. सध्या काठी आणि वॉकर घेऊन चालणाऱ्यांच्या नोंदी जमवतो आहोत. काठीवाल्यांची चाल प्रत्येकाची निराळी, त्यामुळे या कामाला वेळ लागणार.