पेल्यांची किणकिण

परवा दुपारी अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सची एक संथ रचना ऐकत पडलो असताना कोठेतरी काचेचा पेला वाजला, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात डोकावलो. तेथे कोणीच नव्हते. पेला वाजला होता तो न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये, २५ जून १९६१ रोजी. त्या रविवारच्या ध्वनिमुद्रणात श्रोते खुशाल गप्पा मारतात, मध्येच कोणी हसते, आणि या साऱ्याची तमा न बाळगता तिघे वादक एकमेकांचे ऐकत राहतात. त्यांतल्या स्कॉट लाफारोचा डबल बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, तर निव्वळ साथ म्हणून मागे राहायला तयारच नसतो. पियानोचे वाक्य अर्ध्यावर असतानाच तो आपले म्हणणे मांडू लागतो. त्यानंतर ११ दिवसांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला. एव्हान्सने पुढे कित्येक महिने पियानोला जवळजवळ हातच लावला नाही.

चिंतनशील संगीताला नीरव शांतता लागते, हे मला कधीच पटलेले नाही. लहानपणी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आम्ही गाणी टिपून घेत असू, तेव्हा साऱ्या घराने श्वास रोखून धरावा असा हुकूम असे. तरीही एका आवडत्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी धाकटा भाऊ शिंकलाच. पुढे ते गाणे कोठेही कानावर पडले की त्या जागी शिंक का आली नाही, असे मला वाटत राही.

पियानोवादक कीथ जॅरेटच्या जर्मनीतील कोलोनमधल्या मैफलीत, २४ जानेवारी १९७५ रोजी, वादक स्वतःच कण्हतो आणि गुणगुणतो. अनेकांना ते सोसत नाही. मला मात्र ते हवेच असते, कारण त्या रात्री त्याच्या वाट्याला आलेला पियानो सदोष होता, वरचे स्वर चिरके आणि खर्ज दुबळा. म्हणून तो बराच वेळ मधल्या सप्तकातच रमला आणि डाव्या हाताने एकच आकृती पुनःपुन्हा घोळवत राहिला. त्या वाद्याशी चाललेली झटापट कण्हण्यावाचून कळायची कशी?

मोहनवीणा (गिटारमध्ये बदल करून घडवलेले वाद्य) वाजवणारे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका चर्चमध्ये जे वाजवले, ते पहिल्या भेटीनंतर तासाभराच्या आत. मोहनवीणेची मींड कोठे संपते आणि गिटारची कोठे सुरू होते, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मालीचे गिटारवादक अली फार्का टूरे आणि कोरा हे वीणेसारखे पश्चिम आफ्रिकी वाद्य वाजवणारे तुमानी जाबाते यांची मालीच्या राजधानीतल्या, बामाकोच्या एका हॉटेलात, सरावाशिवाय मुद्रित झालेली तबकडी लावली की मी तिच्यातही एखादा आगंतुक आवाज कान देऊन शोधू लागतो. पण टूरेच्या गिटारवर कोराच्या २१ तारा झिरपू लागल्या की तो शोध बारगळतो. घरच्यांच्या मते मला झोप लागते. तेही असेल.