लाकडाच्या वाटेवर

डोंगराळ जंगलातली खडीची वाट सायकलवाल्यांसाठी कोणी बांधलेली नसते. तोडलेलं लाकूड खाली आणायला, वणवा लागला तर पाण्याची गाडी वर न्यायला, जंगल राखणाऱ्यांना फिरायला म्हणून ती झालेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये असल्या रस्त्यांची एकूण लांबी सुमारे ३,७०,००० मैल भरते, आणि त्यातले पुष्कळसे लाकडापायीच झाले. चंद्र पृथ्वीपासून सरासरी २,३९,००० मैलांवर आहे. लाकडाच्या मागे मागे माणूस कुठवर जातो बघा! त्या सगळ्यांची कामं आटोपल्यावर मग आपण येतो, रुंद टायरची सायकल घेऊन, आणि वाट जणू आपल्याचसाठी थांबली होती अशा थाटात फोटो काढतो.

पण वाट कामाची आहे हे डोक्यात ठेवून चढायला लागलं की तिचं सगळं वागणं उलगडू लागतं. पायवाट डोंगराला सरळ भिडते. तिला घाई असते. लाकडाच्या ट्रकला तसं भिडून चालत नाही. म्हणून ही वाट उंची जपत, डोंगराच्या अंगाअंगाने जाते. प्रत्येक घळीत आत शिरायचं, प्रत्येक सोंडेला वळसा घालून बाहेर यायचं. समोरच्या सोंडेवरचा रस्ता हाकेच्या अंतरावर दिसतो आणि तिथे पोहोचायला मात्र चांगली दोन-तीन किलोमीटर घळीत जाऊन यावं लागतं. पहिल्यांदा याचा वैताग येतो. नंतर कळतं की आत्ता आपण एका लयीत, धाप न लागता चढतोय ते या वळशांच्याच कृपेने.

त्यातही एक गंमत आहे. असे रस्ते आखणारे चढ मोजताना भरलेला ट्रक कुठल्या दिशेने जाणार ते आधी बघतात. भरलेला ट्रक उतरणार असेल तर उतार थोडा जास्त चालतो. भरलेल्या ट्रकला चढायचं असेल तर तोच चढ सौम्य ठेवावा लागतो. लाकूड बहुतेक वेळा वरून खाली येतं. म्हणजे आपण जंगलात शिरताना ज्या चढावर घाम गाळतो तो रिकाम्या ट्रकसाठी आखलेला असतो. पायांत गोळे आले की मी हे आठवतो. उपयोग काही होत नाही, पण राग कुणावर काढायचा ते ठरतं.

घळीच्या टोकाला, रस्ता वळतो तिथे, खालून मोरी गेलेली असते. तिथली हवा एकदम गार. डोंगराच्या बाजूला चर खणलेला असतो, वरून आलेलं पाणी त्यातून मोरीत आणि मोरीतून दरीत जातं. हा चर पानांनी, मातीने बुजला की पाणी रस्त्यावर चढतं आणि एका पावसाळ्यात रस्त्याचा ओढा करून टाकतं. जंगलातल्या रस्त्याचा खरा वैरी ट्रक नसून पाणी आहे, हे सायकलवरून जितकं नीट दिसतं तितकं गाडीतून कधीच दिसत नाही. रस्ता मधोमध जरासा फुगीर का, मध्येच आडवा उंचवटा का घातलाय, या सगळ्याचं उत्तर एकच: पाणी लवकरात लवकर कडेला गेलं पाहिजे.

आता खडी. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यांबद्दल जे सांगितलं ते आजही चाकाखाली जाणवतं. दगड फोडलेला हवा, कंगोरे असलेला हवा, आणि लहान हवा. सहा औंसांहून, म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून, जड दगड त्याला चालत नसे. कंगोऱ्यांचे दगड वाहतुकीच्या वजनाने एकमेकांत अडकून बसतात. नदीतले गोल गोटे कितीही दाबा, अडकत नाहीत. चाकाखालून निसटतच राहतात. म्हणून फोडलेल्या खडीच्या जुन्या, मुरलेल्या रस्त्यावर सायकल निवांत पळते आणि गोट्यांच्या रस्त्यावर, तेवढ्याच चढाला, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. अशा वेळी उभं राहून पॅडल मारायचा मोह होतो. तो टाळावा. सीटवरून उठलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि होती तीही पकड जाते. बसून राहायचं, हलका गियर टाकायचा, हनुवटी हँडलकडे न्यायची आणि गोगलगायीच्या वेगाची लाज बाळगायची नाही.

ट्रकच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात, घट्ट आणि गुळगुळीत. सगळी सुटी खडी उडून मधल्या कण्यावर आणि कडेला जमते. एक चाकोरी धरायची आणि तीत राहायचं. पण पुढे तीत खड्डा दिसतो, दुसरी बरी वाटते, आणि मधला कणा ओलांडताना पुढचं चाक आपल्या मर्जीने चालायला लागतं. तेव्हा हँडल आवळून धरलं की संपलं. ते सैल धरून चाकाला त्याची वाट शोधू द्यावी लागते. पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस मात्र खडीवर सगळ्यात चांगला. बारीक चुरा ओला होऊन खडीला धरून ठेवतो, धूळ नाही, घसरण कमी.

वळणाआधी, जिथे सगळ्या गाड्या ब्रेक लावतात, आणि चढावर, जिथे त्या जोर लावतात, तिथे रस्त्याला पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. दात वाजतात, पाण्याची बाटली उडून पडते, हाताला मुंग्या येतात. मला वाटायचं हे अवजड ट्रकांचं काम. पण वाळूवरून साधं चाक गोल गोल फिरवून केलेल्या प्रयोगांत दिसलंय की ठरावीक वेगाच्या वर गेलं की सपाट वाळूतही अशा लाटा आपोआप उठतात. चाक जड असो, हलकं असो. त्या वेगाखाली राहिलं तर लाटा पडत नाहीत, पण तो वेग इतका कमी असतो की तसं कोणी जात नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणजे टायर. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठी केलेली सायकल, लांबून शर्यतीच्या सायकलसारखी दिसते, तेच वाकडं हँडल, तीच सडपातळ फ्रेम. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, आणि आत हवा अगदी माफक. डांबरावरच्या बारीक टायरच्या निम्म्याहूनही कमी. कडक टायर वेगवान ही समजूत अनेक वर्षं टिकली, आणि गुळगुळीत डांबरावर ती बऱ्याच अंशी खरीही आहे. खडीवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावरून अख्ख्या माणसाला वर उचलतो. त्या उचलण्यात ताकद खर्च होते, आणि ती परत मिळत नाही. आपल्याच मांसात, हाडांत थरथरून विरते. मऊ टायर दगड गिळतो आणि पुढे जातो. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पुढच्याच वर्षी तसले टायर लावलेली सायकल शर्यती जिंकू लागली. आराम आणि वेग एकाच टायरमध्ये राहतात हे तेव्हाच कळलं होतं. आपण मधेच विसरलो. आता ते इतकं आठवलंय की काही मंडळी निघण्याआधी हवेवरच अर्धा तास बोलतात. अशांच्या पुढे निघून जावं. ते गाठतातच.

खेळ म्हणून खडीवरच्या सायकलिंगचं सध्या बरंच कौतुक आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातून दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली, ती आज या खेळातली सगळ्यात नावाजलेली. ती मात्र गवताळ टेकड्यांमधून जाते, जंगलातून नाही. २०२२ पासून जागतिक अजिंक्यपद आहे. पण नवं काय आहे यात? १९१० साली टूर दी फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले खिंडीवर चढली तेव्हा तिथे डांबर नव्हतं, आणि त्या शर्यतीत गियर बदलायची सोय असलेल्या सायकलींना सर्रास परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. इंग्लंडमध्ये १९५५ साली काही मंडळींनी फक्त कच्च्या वाटांवर सायकल न्यायची म्हणून क्लब काढला. वाट संपली की सायकल खांद्यावर घेत. शर्यतीतल्या निकालांपेक्षा मला ही खांद्यावरची सायकल जास्त जवळची.

कारण कामाच्या वाटा काम संपलं की संपतात. नकाशावर रेघ ठसठशीत असते, जंगलात मात्र ती एखाद्या मोकळ्या, सपाट जागेशी येऊन थांबते. तिथे पूर्वी ओंडके रचत, ट्रक वळवत. कधी जुनी रासही शिल्लक असते, ओंडक्यांच्या तोंडांवर रंगाने आकडे घातलेली. त्या राशीवर चढून बसू नये, ओंडके गडगडतात. पलीकडे झाडी, झाडीपलीकडे कुठेतरी दुसऱ्या खोऱ्यातली वाट. नकाशा म्हणतो पाचशे मीटर. सायकल उचलायची की आल्या वाटेने वळायचं, यावर सोबत असलेल्यांचं कधीच एकमत होत नाही. एकजण फोनवर बोट फिरवत असतो, दुसरा पाणी किती उरलंय ते बघतो, आणि तिसऱ्याने तोवर सायकल खांद्यावर घेऊन झाडीत पाऊल टाकलेलं असतं.