घाटड्राइव्ह क्र. ६ : भंडारदऱ्याची प्रदक्षिणा, यंदा उन्हाच्या हिशेबाने

मार्ग : नाशिक – घोटी – बारी – शेंडी – रतनवाडी – साम्रद – घाटघर – शेंडी – नाशिक. दसऱ्याआधीचा रविवार. सोबत बाबा. ट्रिपमीटर १९१ किमी, ॲव्हरेज १६.८. टाकी घोटीलाच भरली.

गेल्या वर्षी हीच फेरी उलटी मारली होती. सकाळी थेट घाटघरचा कोकणकडा गाठला, तर समोर नुसतं पांढरं धुकं. चार वाजता साम्रदजवळच्या सांदण या अरुंद दरीपाशी पोचेपर्यंत घळीत अंधारून आलेलं. तेव्हाच वहीत लिहून ठेवलं : रतनगड सकाळी, सांदण भर दुपारी, कोकणकडा उन्हं कलल्यावर.

बारीला सात वाजता कळसूबाईचा माथा (१६४६ मीटर) स्वच्छ होता. बांधावर सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून आहेत, खाचरांत भात पिवळा पडायला लागलाय. शेंडीला १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण, काठोकाठ. इथून डावीकडे वळलो, म्हणजे जलाशय सतत उजव्या हाताला, खऱ्या प्रदक्षिणेसारखा. चालवणाऱ्याच्या खिडकीतूनही पाणी दिसतं, हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

रतनवाडीत साडेआठचं ऊन रतनगडावर समोरून पडलं होतं. खुट्ट्याचा सुळका, कातळाचे थर, त्यांतून उतरणाऱ्या पाण्याच्या बारीक रेघा, सगळं वेगवेगळं दिसत होतं. प्रवरा याच डोंगरात उगम पावते. बाबा अमृतेश्वराच्या देवळात बराच वेळ खांबांवरचं कोरीवकाम बघत बसले. मीही घाई केली नाही.

रतनवाडी–साम्रद हा झाडीतला तुकडा या मार्गावरचा माझा सर्वांत आवडता. उतारावर यंदा ठरवून दुसऱ्या गियरमध्ये राहिलो, ब्रेकला नुसता अधूनमधून पाय. गेल्या खेपेला ब्रेकचा जळका वास आला होता, या वेळी अजिबात नाही. सहा ड्राइव्हमध्ये हाताला बसलेली ही सर्वांत मोलाची सवय.

साम्रदच्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढताना बजावलं, “आत पाणी हाय अजून, बाबांना खाली नेऊ नका.” त्यामुळे घळीच्या तोंडापर्यंतच गेलो. पण बाराचं ऊन! दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती, मधे माणसांच्या रांगेपुरती वाट, आणि प्रकाशाची एक पट्टी सरळ तळापर्यंत उतरलेली. डबक्यातल्या पाण्याचं प्रतिबिंब भिंतीवर हलत होतं. ही पट्टी पाऊण तासही टिकली नाही. सांदण बघायची असेल तर दिवसाची सगळी आखणी या वेळेभोवतीच करा.

घाटघरला साडेचारला. धुकं नाही. कोकणात उतरत गेलेले कडे तांबूस झाले होते, खाली जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आरशासारखं, उत्तरेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले एका ओळीत. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, “तुझ्या आजोबांनी हे बघायला हवं होतं.” तासभर तिथेच थांबलो.

परतीला उडदावण्यापर्यंत उजेड पुरला. पुढचा रस्ता अंधारात, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत होते. पुढच्या वेळी घाटघरहून अर्धा तास आधी निघायचं, त्यासाठी पहाटे पाचला घर सोडायचं. पुढचा बेत : राजूरमार्गे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई, भात कापणीच्या दिवसांत.