डेडस्टॉकला लागलेला थ्रीडी प्रिंटर

सध्या शाळाशाळांत टिंकरिंग लॅबचं, म्हणजे मुलांनी स्वतः खटपट करून वस्तू बनवायच्या प्रयोगशाळेचं, वारं आहे. त्यासाठी केंद्र सरकारचं अटल इनोव्हेशन मिशन २०१६ पासून चालू आहे, निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख लॅब उभी करायला आणि बाकीचे पुढची काही वर्षं ती चालवायला. योजनेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी विज्ञान शिकवते, ओळखीच्या शाळांमधल्या लॅब बघून आलेय, आणि बऱ्याच ठिकाणी दाराला कुलूप, प्रिंटरवर प्लॅस्टिक, आर्डुइनोचे (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचे) किट सीलबंद. का तर वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली, मोडली तर सही कोणाची? मग पोरांना हात कोण लावू देणार! तपासणीला साहेब आले की कुलूप निघतं, दोन हुशार मुलं एलईडी लावून दाखवतात, फोटो होतात, झालं.

आणि आपले ते वार्षिक ‘प्रकल्प’? स्टेशनरीच्या दुकानातून चित्रं आणायची, आईने जागून कव्हर सजवायचं. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

म्हणून मला पाबळचं विज्ञान आश्रम फार पटतं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या या गावात ते सुरू केलं, तेव्हा मेकर स्पेस (हाताने वस्तू बनवायची सामायिक जागा) वगैरे शब्द कोणाच्या कानावरही नव्हते. त्यांचा कार्यक्रम जिथे चालतो त्या शाळांमध्ये मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, रक्तगट तपासणी असलं काय काय करतात, शिकवायला गावातलेच कारागीर, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, त्याला ते लोकोपयोगी सेवा म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक तिथे आहे, पण मला त्या सेवेचंच जास्त कौतुक वाटतं, कारण बाकाचं वेल्डिंग कच्चं असलं तर मार्क कापायची गरजच नाही, बाक स्वतःच बोलतो.

आमच्याकडे आठवीच्या पोरांनी टाकीचा अलार्म केला, कारण शाळेची टाकी रोज भरून वाहायची आणि शिपाईकाकांना बोलणी बसायची. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (थोड्याशा करंटवर चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), बझर, ९ व्होल्टची बॅटरी, दोन तांब्याच्या तारा. पाणी वरच्या तारेला टेकलं की बझर ओरडतो. काही दिवस मस्त चाललं, मग गप्प. पोरांनी तारा बाहेर काढल्या तर एक ठीकठाक आणि दुसरी हिरवी पडून पार खाल्लेली. ‘बाई, दोन्ही एकाच पाण्यात होत्या ना, मग हीच का?’ खाल्लेली तार बॅटरीच्या प्लसला जोडलेली होती हे त्यांचं त्यांनीच शोधलं, आणि मग विद्युत अपघटनावर, म्हणजे पाण्यातून वीज गेली की होणाऱ्या रासायनिक बदलावर, जी चर्चा रंगली ती मधल्या सुट्टीतही थांबेना. पोर्शन कधी संपणार असं विचारणाऱ्यांना सांगते, हाच पोर्शन होता.

अडचण एवढीच की ३५ मिनिटांच्या तासात सोल्डरिंग गन तापून हातात येईपर्यंत घंटा होते. जोडतास मिळायला हवेत, आणि तारा-सेल-ट्रान्झिस्टर डेडस्टॉकला न चढवता खडूसारखे संपणारं सामान म्हणून खर्ची टाकता यायला हवेत. हेडमास्तरांना पटलंय, वरून कागद यायचाय.

आता एक मुलगी म्हणतेय पाण्यात तारच नको, जुन्या चपलेच्या तुकड्यावर चुंबक बसवून तो तरंगवू आणि वर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालू होणारा स्विच, लावू. कोणाकडे दरवाजाचा जुना बंद पडलेला अलार्म असेल तर त्यात तो स्विच असतो, फेकू नका, कमेंटमध्ये सांगा.