गोळ्या चालू की बंद, हे लिहून द्यायचं कोणी?

आधी त्या लाल पेनाचंच सांगते, कारण राग अजून गेला नाही. चौथ्या महिन्यात मोठ्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला गेले. ओपीडीतल्या शिकाऊ डॉक्टरने माझ्या केसपेपरवर तिन्ही गोळ्यांच्या नावांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'सर्व औषधे बंद'. कशासाठी चालू आहेत, हे विचारलंसुद्धा नाही.

मला ल्युपस आहे. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते, माझी सांध्यांवर आणि किडनीवर उलटली होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ॲझाथायोप्रिन आणि 5 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन, या तिघींमुळे ती आवरली होती. गरोदरपणात या अचानक तोडल्या आणि रोग उसळला, तर बीपी वाढणं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण, इथपर्यंत जाऊ शकतं. हे मला ल्युपसचे उपचार करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांनी आधीच बसवून समजावलं होतं. तेच मी तिथे सांगितलं. उत्तर आलं, "मग मेडिसिन ओपीडीतून लिहून आणा."

मेडिसिन ओपीडी वरच्या मजल्यावर. तिथे म्हणाले, "गरोदर बाईचं आम्ही ठरवत नाही. गायनॅकवाल्यांनी आमच्याकडे पाठवलं असं चिठ्ठीवर पाहिजे." खाली आले तर खिडकी बंद. पुढच्या वेळी चिठ्ठी मिळाली, तर वरचे डॉक्टर कॅम्पला गेलेले. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टर होते, पण जुना केसपेपर चालत नाही, नवा काढा. नव्या केसपेपरची रांग बाहेर, गेटजवळ. एकाच इमारतीतले दोन विभाग, मधे एक जिना, आणि निरोप्या कोण, तर पोटुशी बाई! दिवस सोयाबीन सोंगायचे. मजूर वावरात सोडून नवरा माझ्यासोबत बाकावर बसलेला, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून दोघांचा जीव टांगणीला.

ती रेघ माझ्याआधी घरी पोचली. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरनंच तं बंद लिवलं, मंग काहून खातं वं? लेकराले बाधन ना." तालुक्याच्या मेडिकलवाल्यानेही केसपेपर पाहून पाकीट परत आत ठेवलं. "हे तं मलेरियाची गोळी हाय ताई, तुमाले कायले पायजे?" हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मलेरियाची आहे हे खरंच, पण ल्युपसलाही तीच देतात आणि गरोदरपणातही चालू ठेवतात. हे मेडिकलच्या काउंटरवर चार माणसांसमोर पटवून देऊन पाहा.

मी गोळ्या तोडल्या नाहीत. नागपूरला फोन केला, डॉक्टरांनी त्यांच्या लेटरपॅडवर लिहून फोटो पाठवला. आमच्या आशाताई म्हणाल्या, "9 तारखेले चाल, त्या दिवशी मोठ्या मॅडम सोता तपासतात." दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. मॅडमनी फोटो वाचला, लाल रेघेखाली 'औषधे चालू ठेवा' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मला आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

म्हणून सांगते, तुमच्या आजाराच्या डॉक्टरांकडून अशी चिठ्ठी दिवस राहायच्या आधीच घेऊन ठेवा. त्यात आजाराचं नाव, प्रत्येक गोळीचा डोस, 'गरोदरपणात चालू' आणि 'स्तनपानात चालू' हे दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं हवं. झेरॉक्स काढा, एक मेडिकलवाल्याला द्या.

दिवस राहायच्या आधीची तयारी तशी सुरळीत झाली. माझी मायकोफेनोलेट होती, ती गर्भाला घातक. ती बंद करून ॲझाथायोप्रिन सुरू केली आणि रोग सहा महिने शांत राहील तेवढं थांबलो. बीपीची टेलमिसार्टनही बदलली. संधिवाताच्या बायकांना मेथोट्रेक्सेट असते, तीही दिवस राहायच्या आधीच बंद करावी लागते. पण स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टर बदली औषध देतात. अँटी-रो नावाची रक्ततपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह असली तर पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा थोडा धोका असतो, मग बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करतात. कंबर दुखली म्हणून गावातल्या डॉक्टरकडून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून घेऊ नका, पाचव्या महिन्यानंतर तर नाहीच.

बाळंतपणानंतर वॉर्डात पुन्हा तेच. सिस्टर म्हणाली, "एवढ्या गोळ्या खाता, दूध पाजू नका, पावडरचा डबा आणा." मी चिठ्ठीतली स्तनपानाची ओळ दाखवली, तिने वाचली आणि बाळ माझ्याकडे दिलं. माझ्या तिन्ही गोळ्यांवर दूध पाजता येतं. प्रेडनिसोलोन 20 मिलीग्रॅमच्या वर असेल तर गोळीनंतर चार तास थांबून पाजायला सांगतात. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट मात्र अंगावर पाजत असताना नाहीच.

हो, एक राहिलं. सव्वा महिन्यानंतर उपकेंद्रातून माला-एन या गर्भनिरोधक गोळीचं पाकीट हातात ठेवतील. ल्युपसमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका, आणि रक्तात गुठळ्या होण्याची अँटीबॉडी असेल तर नाहीच, त्यात इस्ट्रोजेन असतं. मी कॉपर-टी बसवून घेतली.