भाड्याचा आकडा आणि बसथांब्यापासूनची चारशे पावले

अनोळखी शहरात भाड्याचे घर शोधण्याची वेळ माझ्यावर आजवर तीनदा आली. पहिल्या वेळी स्वस्तातले घेतले आणि पस्तावले. दुसऱ्या वेळी त्या पस्ताव्याच्या धास्तीने ऐपतीबाहेरचे घेतले आणि वर्षभर पैशांची ओढाताण सोसली. तिसऱ्या वेळी मात्र घाई न करता तब्बल पाच आठवडे हिंडले, आणि त्या पाच आठवड्यांत असे लक्षात आले की ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ हा प्रश्नच मी आतापर्यंत चुकीच्या मापाने विचारत होते. भागाचा विचार करण्याऐवजी दारापासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेचा आणि त्या वाटेवरून मी ज्या वेळी चालणार त्या वेळेचा विचार करायला हवा होता.

पहिले घर मी सकाळी अकरा वाजता पाहिले होते. रस्त्यावर दुकाने उघडी होती, माल उतरवला जात होता, शाळेतून परतणारी मुले होती. भाडे आसपासच्या भागांपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होते आणि दलालाला त्याचे कारण विचारण्याचे मला सुचलेही नाही. कारण पहिल्याच रात्री कळले. माझे काम साडेनऊला सुटत असे आणि बसमधून उतरेपर्यंत सव्वादहा वाजत. तोवर सगळी शटर ओढलेली असत, आणि थांब्यापासून घरापर्यंतच्या सुमारे चारशे पावलांपैकी मधली दीडशे पावले एका गोदामाच्या लांबच लांब भिंतीला लागून होती. त्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. समोरच्या बाजूला रिकामा भूखंड होता. दोन पथदिव्यांपैकी एक बंद होता आणि दुसरा झाडाच्या फांद्यांत पुरता लपला होता.

तिथे मला कधीही काहीही झाले नाही, हे इथेच सांगितले पाहिजे. तरीही दुसऱ्या आठवड्यापासून मी रात्री टॅक्सीने येऊ लागले, तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी विनाकारण बाहेर पडणे बंद केले, आणि महिनाअखेरीस हिशेब मांडला तेव्हा भाड्यात वाचलेली जवळजवळ सगळी रक्कम टॅक्सीत गेली होती. मैत्रिणींकडे न जाण्याची किंमत त्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

एखाद्या अख्ख्या भागाला चांगला किंवा वाईट ठरवणे किती ढोबळ असते, याचा अंदाज गुन्हेगारीच्या अभ्यासांवरूनही येतो. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा पत्त्यांनुसार अभ्यास करण्यात आला आणि तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्म्याहून थोडे अधिक दूरध्वनी आल्याचे त्यात आढळले. पुढे इतर अनेक शहरांतही असेच चित्र दिसले. याचा सरळ अर्थ असा की बदनाम भागातल्या बहुतेक गल्ल्यांत बहुतेक दिवशी काहीच घडत नसते आणि नावाजलेल्या भागातही एखादा कोपरा असा असू शकतो जिथे सतत काहीतरी घडते. नकाशावर अख्खा भाग लाल रंगवला की हा फरक पुसला जातो.

शिवाय त्या लाल रंगामागचे गणितही तपासून पाहावे लागते. गुन्ह्यांचे प्रमाण बहुधा तिथल्या रहिवाशांच्या संख्येने भागून काढतात. रेल्वे स्थानकाभोवती किंवा बाजारपेठेत रहिवासी मोजके आणि ये-जा करणारे हजारो असतात, त्यामुळे तिथला दर भयंकर दिसतो, आणि त्यातले बरेचसे गुन्हे खिसेकापूंचे असतात. नोंद झालेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांतही अंतर असते. चोरीला गेलेल्या मोटारीची तक्रार विम्यासाठी करावीच लागते, पण रस्त्यात पाठलाग झाला, कुणी अंगचटीला आले, तर किती जणी पोलिसांकडे जातात? आकडे पाहावेत, मीही पाहिले, पण कोणत्या प्रकारचे गुन्हे आणि कोणत्या वेळी, एवढे कळत नसेल तर त्या आकड्यावरून घर ठरवू नये असे माझे मत झाले आहे.

‘तिकडे नका जाऊ, वस्ती चांगली नाही’ हे वाक्य मला तिसऱ्या शोधात निदान सहा जणांनी ऐकवले. त्यांतल्या चौघांनी त्या वस्तीत कधी पाऊलही ठेवले नव्हते. खोदून विचारल्यावर ‘तिथले लोक तसे आहेत’ एवढेच उत्तर मिळे, आणि त्याचा अर्थ बहुधा ते लोक गरीब आहेत किंवा आपल्यातले नाहीत इतकाच असे. पूर्वग्रहामुळे एखाद्या भागाचे भाडे कमी राहत असेल, तर ज्याला तो पूर्वग्रह नाही त्याच्यासाठी ती सवलतच आहे, हे जरा निर्लज्जपणे का होईना, पण मान्य करायला हवे.

दुसरे घर याच्या अगदी उलट होते. मोठे फाटक, रखवालदार, कॅमेरे, येणाऱ्याजाणाऱ्याची वहीत नोंद. भाडे माझ्या पगाराच्या ४२ टक्के. भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे असे सर्रास सांगितले जाते, आणि ते एखाद्या अर्थशास्त्रीय नियमासारखे ऐकवले जाते. प्रत्यक्षात या आकड्याचा उगम बराचसा अमेरिकेतील सरकारी घरांच्या भाड्याच्या मर्यादेत आहे. तिथे १९६९ च्या कायद्याने भाडेकरूकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंतच भाडे घेण्याची मर्यादा घातली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेली. प्रत्येक पगाराला आणि प्रत्येक शहराला तोच आकडा लागू पडेल असे मुळीच नाही. त्यापेक्षा शिकागोतील एका संस्थेने वापरलेला हिशेब मला अधिक उपयोगी वाटतो. ती संस्था घर आणि प्रवास हे दोन्ही खर्च एकत्र धरते आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असतील तर ते परवडणारे मानते. माझ्या पहिल्या घराचे खरे भाडे यात लगेच उघडे पडले असते, कारण रात्रीची टॅक्सी हा त्या घराचाच खर्च होता.

या दुसऱ्या घरात मी रात्री निर्धास्त झोपत असे, पण महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर बँकेतल्या शिलकीकडे बघवत नसे. मोठी अनामत रक्कम घरमालकाकडे अडकलेली, करार अकरा महिन्यांचा, मधेच सोडल्यास अनामत बुडणार. त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी एका वरिष्ठाशी खटके उडू लागले आणि नोकरी सोडावीशी वाटली, तेव्हा हाताशी एका महिन्याचा खर्चही शिल्लक नसल्यामुळे मी मुकाट्याने बसून राहिले. फाटकावरचा रखवालदार मला या प्रसंगापासून वाचवू शकत नव्हता. घर निवडताना मी चोराची भीती मोजली होती, आणि अडचणीच्या वेळी निघून जाता न येणे ही गोष्ट मोजायची राहून गेली होती. आणखी गंमत अशी, की फाटकाच्या आत कितीही बंदोबस्त असला तरी बाहेरचा रुंद, झाडांनी वेढलेला, श्रीमंत रस्ता आठनंतर इतका सामसूम होत असे की तिथूनही मी झपाझप चालतच येत असे.

तिसऱ्या वेळी मी पद्धत बदलली. जे घर दिवसा पसंत पडेल तिथे पुन्हा रात्री सव्वादहाला, बसनेच, एकटीने जायचे, आणि पावसाची शक्यता असेल त्या दिवशी आणखी एकदा. सोबत कुणाला नेले की रस्ता वेगळाच भासतो, हे मी एकदा सोबत नेऊन पाहिले आहे. चालताना मी उघडी दुकाने, उजेड असलेल्या खिडक्या आणि सरळ रेषेत न दिसणारी वळणे मोजत असे. औषधांचे एखादे दुकान अकरापर्यंत उघडे असेल तर मला त्याचे मोल फाटकावरच्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक वाटते, कारण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो आणि दुकानदार हाक मारली तर बाहेर येतो. दिव्यांबद्दल तर प्रयोगच झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सार्वजनिक गृहसंकुले सोडत पद्धतीने निवडून तिथे जादा दिवे बसवण्यात आले, आणि तिथले रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. तेव्हापासून बंद पथदिवा दिसला की मी त्याच्या खांबावरचा क्रमांक टिपून तक्रार करते आणि तो किती दिवसांत सुरू होतो ते पाहते. एका ठिकाणी तो तीन आठवड्यांतही लागला नाही, आणि त्या भागाकडे कोणाचे किती लक्ष आहे ते त्यातून मला कळले.

पावलांबरोबर दारही पाहायला शिकले. एक घर मला जवळजवळ पसंतच पडले होते. भाडे कमी, वाट वर्दळीची, खिडकीसमोर खिडक्या. दलाल आत हवा-उजेडाची स्तुती करत असताना मी दाराच्या चौकटीवरून सहज हात फिरवला. कुलपाच्या पट्टीजवळ वीतभर लांबीचा भाग बोटाला वेगळाच लागला. लाकडाच्या रेषा तिथे नव्हत्या, पुट्टी भरून वर रंग मारला होता, आणि तो रंग उरलेल्या चौकटीपेक्षा किंचित उजळ होता. पट्टीच्या वर आणि खाली जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके होती. मोजली तर तीन निरनिराळ्या कुलपांची भरली. दलालाला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘अहो मॅडम, जुने दार आहे, लाकूड फुगते.’ फुगलेले लाकूड नेमके कुलपापाशीच फुटत नाही. ज्या घरात एकदा घरफोडी झाली तिथे पुढचे काही आठवडे पुन्हा होण्याचा धोका वाढलेला असतो, हे गुन्हेगारीच्या अभ्यासात वारंवार दिसून आले आहे. त्यामुळे मी नुसते ‘कधी झाली?’ एवढे विचारले, आणि त्याने उत्तर देण्याआधी घड्याळ पाहिले. ते घर मी सोडले. चौकट नीट बदललेली असती आणि खरे सांगितले असते, तर कदाचित घेतलेही असते.

धोका म्हटले की आपल्याला माणूसच आठवतो, पण घराच्या आतले आणि रस्त्यावरचे साधे धोके याहून मोठे असू शकतात. २०२१ मध्ये जगभरात खुनांत सुमारे ४ लाख ५८ हजार माणसे दगावली आणि रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार, असे संयुक्त राष्ट्रांचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाज सांगतात. म्हणून थांबा आणि घर यांच्या मधे भरधाव वाहनांचा रस्ता असेल आणि ओलांडायला सोय नसेल, तर ती बाब मी आता भाड्याच्या बरोबरीने तोलते. घरात बंदिस्त न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर दिसला की पुढचे काही पाहतच नाही, कारण त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. सगळ्या खिडक्यांना पक्के गज आणि बाहेर पडायला एकच दार, ही चोरापासूनची सुरक्षितता आगीच्या वेळी सापळा ठरते.

माहिती कोणाला विचारावी, यावरही बरेच अवलंबून आहे. एका सहकाऱ्याने मला एका गल्लीबद्दल छातीठोकपणे सांगितले होते, ‘मी तिथे चार वर्षे राहिलो, काही भीती नाही.’ तो खोटे बोलत नव्हता. पण तो उंचापुरा पुरुष होता, मोटारसायकलवरून ये-जा करत होता आणि सात वाजता घरी पोहोचत होता. त्याची गल्ली आणि माझी गल्ली एक नव्हतीच. पुढे मी त्याच इमारतीत राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेला जिन्यात गाठले. ‘सुरक्षित आहे का?’ असे विचारले असते तर तिनेही ‘हो’च म्हटले असते. मी विचारले, ‘तुम्ही रात्री परतताना कोणत्या बाजूने येता?’ ती चटकन म्हणाली, ‘मागच्या बोळातून जवळ पडते, पण मी पुढूनच येते.’ आणि पुढच्या पाच मिनिटांत तिने मला अख्खी गल्ली समजावून दिली.

तेच घर मी घेतले. भाडे पहिल्या घरापेक्षा जास्त आणि दुसऱ्यापेक्षा बरेच कमी, प्रवासासकट पगाराच्या ३८ टक्के. चौथा मजला, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर अरुंद, आणि पहाटे पाचपासून खालच्या रस्त्यावर गोंगाट सुरू होतो, ज्याला मी अजूनही शिव्या घालते. अनामतीची रक्कम कमी करून घेता आली नाही, मात्र एका महिन्याच्या नोटिशीने घर सोडण्याचे कलम करारात घालून घेतले आणि त्यासाठी भाड्यात थोडी वाढ मान्य केली. दुसऱ्या घराचा अनुभव नसता तर ही वाढ मी कधीच दिली नसती.

उरला प्रश्न कुलपाचा. कुलूप माझ्या खर्चाने बदलू द्या, असे म्हटल्यावर घरमालकांना ते जरा लागले. ‘आमचे आधीचे भाडेकरू फार सज्जन होते,’ असे म्हणत त्यांनी कपाटातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली टेबलावर मांडत गेले. एक त्यांची, एक माझी, एक त्या भाडेकरूंनी परत केलेली, एक त्याआधीच्यांची. मग जुडगा हातात तसाच धरून ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, ‘पाच करून घेतल्या होत्या खऱ्या.’ कुलूपवाल्याला त्यांनीच फोन लावला.