नववा लागल्यावर

माझ्या धाकट्या जावेला नववा लागलाय. ती माहेरी, जांबोटीकडं आहे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला काही ना काही सांगते. तूप खा, फेऱ्या मार, जड उचलू नको. त्याला माझी ना नाही. पण "आता पोटात जागा नाही, बाळ कमीच हालणार" असं कुणी म्हटलं की मी भांडते. हे खरं नाही. उड्या मारणं जाऊन रेटणं, कूस वळणं सुरू होतं, पण हालचाल कमी होता कामा नये.

माझा मुलगा रात्री जेवण झालं की उजव्या बरगडीखाली टाच लावायचा. हात ठेवला की लिंबाएवढा उंचवटा तळव्याखालून सरकत जायचा. तो सरकला की मी निर्धास्त झोपायची. प्रत्येक बाळाची अशी वेळ असते आणि ती आईलाच ठाऊक असते. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर डाव्या कुशीवर निजून मोजायचं. दोन तासांत 10 हालचाली भरल्या नाहीत तर लगेच दवाखाना गाठायचा, मग रात्र असो की पाऊस.

डॉक्टरांच्या तारखेवर फार भिस्त ठेवू नये. 37 आठवडे झाले की तयारीत राहावं. मधूनमधून पोट कडक होतं आणि सुटतं, विसावा घेतला की थांबतं; त्या खोट्या कळा. खऱ्या कळा नेमानं येतात, अंतर कमी होत जातं, कूस बदलली तरी थांबत नाहीत. रक्त जाणं, पाणी जाणं (हिरवट असेल तर जास्तच घाई), डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंड-हात अचानक सुजणं, यातलं काहीही झालं तर कळांसाठी थांबायचंच नाही.

आमच्या खानापूर तालुक्यातला पावसाळा ठाऊक असलेल्यांना हे जास्त पटेल. ओढे भरतात, रानात रेंज नसते, बेळगाव लांबच लांब वाटतं. 108 फुकट आहे, पण आत पोचायला तिलाही वेळ लागतो. म्हणून शेजारच्यांच्या गाडीचं आत्ताच बोलून ठेवलंय. पिशवीत तायी कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड), रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट, धुतलेली दुपटी, कुंची भरलीय. आशाताईंचा नंबर तिच्या आईच्या फोनमध्येही घातलाय.